डाव्या चाकाची साक्ष

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (कमरेत पुन्हा उसण भरल्यामुळे चार दिवस पालथा पडूनच आहे, तेव्हा हा नमस्कार अगदी शब्दशः साष्टांग आहे.) तुझं पत्र पोचलं. तुमच्या गाडीनेही डावीकडे ओढायला सुरुवात केली आणि त्यावरून तू भावोजींना फैलावर घेतलंस, हे वाचून मी पत्राची घडी करून ते उशीखाली सारलं. गरीब स्वभावाचा माणूस आहे गं तो. तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे माझी कंबर सोडली तर सगळे खुशाल आहेत.

तू विचारलंस की नानांकडून गाडीची किल्ली काढून घेतली की नाही. सांगतो, पण जरा मागून सुरुवात करावी लागेल. आपली गाडी सहा महिन्यांपासून डावीकडे ओढते. स्टीअरिंग चांगलं दोन बोटं उजवीकडे धरलं तर कुठे ती सरळ चालते. (तुझी भावजय म्हणते, ह्या घरात सगळ्यांना सरळ चालवायला असंच धरून ठेवावं लागतं.) आधी मी हवा तपासली. ती बरोबर होती. मग पुढची दोन चाकं आपसात बदलून पाहिली, म्हणजे दोष टायरचाच असेल तर गाडी उजवीकडे ओढायला लागेल. ती इमानाने डावीकडेच गेली. शेवटी चाकं पुन्हा मूळ जागी लावून गाडीखाली शिरलो, तेव्हा दिसलं की डाव्या चाकाची आतली कड पार तुळतुळीत झाली आहे आणि बाहेरची मात्र नवी कोरी. शोध लागल्याच्या आनंदात मी झटकन उठायला गेलो. कमरेचा इतिहास तिथून सुरू होतो.

अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. त्याने चारही चाकांना चिमटे लावले, पडद्यावर लाल-हिरवे आकडे आणले, आणि शेवटी पडद्याकडे पाठ करून टायरवरून नुसता तळवा फिरवला. आतून बाहेर मऊ, बाहेरून आत खरखरीत. म्हणाला, पुढची चाकं फेंगडी चालताहेत, स्टीअरिंगची दांडी वाकली आहे, कुणीतरी रोज कशावर तरी चाक आपटतंय. दांडी बदलली, टायर नवा घातला, सगळे आकडे हिरवे झाले, आणि तीन आठवड्यांत गाडी पुन्हा डावीकडे.

आता घरात गाडी चालवणारे दोघेच. मी, रोज ऑफिसला जाणारा, वीस वर्षांचा अनुभवी. आणि नाना, शहात्तर वर्षांचे, साठीत गाडी शिकलेले, दर रविवारी दुकानातल्या जुन्या भागीदाराला गाडीत घालून तळ्याभोवती फिरवून आणणारे. (त्या भागीदाराला आठवड्यात तेवढंच एक आकाश दिसतं.) संशय कुणावर जाणार? तुझं पत्रही आलं होतं, की काही विपरीत घडायच्या आत किल्ली काढून घे. मी छाती पुढे काढून नानांसमोर उभा राहिलो आणि विषय काढला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त आठ दिवसांची मुदत मागितली आणि आपला जुना शिवणाचा डबा उघडून बसले. मला वाटलं, मन रमवताहेत.

ताई, चाळीस वर्षं लोकांच्या पँटी शिवलेल्या बापाशी आपण पंगा घेऊ नये. पँटचा कुठला पाय कुठे झिजला यावरून गिऱ्हाईक कसं चालतं, कसं बसतं, खिशात काय कोंबतं, हे सांगणारा माणूस तो. त्यांनी काय करावं? रोज सकाळी, मी अंघोळीला गेलो की, कापडावर खुणा करायचा तो निळा खडू घेऊन डाव्या चाकाच्या बाहेरच्या अंगावर गोल पट्टी ओढायची. संध्याकाळी मी चहा पीत असताना तुझी भावजय खाली जाऊन फोनवर त्या पट्टीचा फोटो काढायची. (मला सांगायची, कुंड्यांना पाणी घालून येते. आमच्याकडे कुंड्या दोन आहेत आणि दोन्ही रिकाम्या.)

आठव्या दिवशी मला टेबलाशी बसवलं. नानांनी गळ्यात मापाची टेप अडकवली होती, का ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. पहिला फोटो रविवारचा, नानांचा. पट्टी शाबूत, जणू आत्ता ओढलेली. मग माझे पाच दिवस. पाचही दिवस पट्टी सफाचट, आणि एका फोटोत तर रबराला फूटपाथचं सिमेंट लागलेलं. ऑफिससमोर गाडी लावताना चाक फूटपाथच्या कडेला टेकल्याशिवाय मला गाडी नीट लागली असं वाटतच नाही. टेकलं की पोचलो, असं माझं वीस वर्षांचं शास्त्र. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मला खरोखर लाज वाटली. मी नानांची माफी मागितली, त्यांनी टेप काढून डब्यात ठेवली.

तुझा,
धाकटा (आणि आता अधिकृतरीत्या दोषी)

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. खटला जिंकल्यावर नाना उठले आणि किल्ली स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवून आले. म्हणाले, "दोन महिने झाले, समोरच्या दिव्यांना झालर दिसते मला. डोळ्यांत काहीतरी आलंय. तुम्ही सगळ्यांनी टायरला विचारलं, मला कुणी विचारलंच नाही." मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर पुन्हा चालवू शकतील. तोवर रविवारी भागीदाराला मी फिरवतो, नाना शेजारी बसून "कड सोड, कड सोड" म्हणतात. तर ताई, तू पंधरा दिवस ये. ऑपरेशनला ते तयार आहेत, पण डोळ्यांत थेंब माझ्या हातून घालून घ्यायला नाही. म्हणतात, ह्याला टेकल्याशिवाय पोचल्याचं कळत नाही.

आणखी एक ता. क. सुट्टीत तुमच्याकडे आलो होतो तेव्हा बारा दिवस तुमची गाडी मीच चालवत होतो. निघण्याआधी तिच्या डाव्या चाकाच्या आतल्या कडेवरून एकदा हात फिरव, आणि मग भावोजींना चांगला चहा करून दे.