बाजार पडला त्या सोमवारी

नाशिक, २३ मे २००४

प्रिय उत्तरा,

तुला आणि विश्वेशरावांना खूप खूप आशीर्वाद. इकडे उकाडा भरपूर, माझी तब्येत उत्तम. गच्चीवरचा मोगरा यंदा वेड्यासारखा फुललाय.

निवृत्तीनंतर कायमचं अमेरिकेला कधी येताय, असं तू फोनवर पुन्हा विचारलंस आणि मी नेहमीसारखा आंब्यांच्या भावावर घसरलो. आज उत्तर देतो. पण आधी निवडणुकीच्या निकालाचं ऐक.

सरकार तेच परत येणार आणि बाजार वर जाणार, असं आमच्या बँकेत सगळे धरून चालले होते. मीही. शेअर विकून गंगापूर रोडला लहानसा फ्लॅट घ्यायचं मनात होतं. झालं उलटं. नवं सरकार कुणाच्या पाठिंब्यावर चालणार, धोरण काय ठेवणार, कुणाला कळेना. परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून, डॉलर घेऊन निघाले. सोमवारी बाजार इतका कोसळला की व्यवहार दोनदा थांबवावे लागले. रुपया घसरला आणि परकीय चलनाच्या टेबलाशी मी डोकं धरून बसलो.

तेवढ्यात वत्सलाबाई आल्या. वणीकडे त्यांचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. माल दुबईला जातो, पैसे आमच्या शाखेत डॉलरमध्ये येतात. नवऱ्यामागे सगळं एकटीनं उभं केलंय. कागदांचं काम लगेच होतं. पण अलीकडे चहा घेतल्याशिवाय त्या जात नाहीत आणि मीही जाऊ देत नाही.

डॉलर महागल्यानं त्यांना जास्त रुपये मिळणार होते. मी तसं सांगितलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. माझा चेहरा का उतरलाय, ते त्यांना हवं होतं. मी शेअरचं सांगितलं, फ्लॅटचंही. एकट्या माणसाला नवा फ्लॅट कशाला, असं त्यांनी विचारलं. मी आणखी दोन चहा मागवले.

मग त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, फ्लॅटची वाट बघाल तर नुसतं बघतच राहाल. तुमची पेन्शन हाय, माझा बेदाणा हाय. दोघांचं भागंल. विचारायचं ते विचारा."

मी विचारलं. भर बँकेत, काउंटरवर माणसं उभी असताना. त्या हो म्हणाल्या आणि डॉलर बदलायचं विसरून निघून गेल्या. मला रिक्षापर्यंत धावत जावं लागलं.

मंगळवारी बाजार चांगलाच सावरला. मी फोन करून कळवलं, तर म्हणाल्या, "मंग आता फ्लॅट घेऊन पुन्हा विचारणार व्हय?" आणि हसत सुटल्या. मी इतका हसलो की आमचा शिपाई देवराम दारातून डोकावून गेला.

तुझ्या आईला विसरलो असं मनात आणू नकोस. तिचा फोटो आहे तिथेच राहणार; हे वत्सलाबाईंनीच मला आधी सांगितलं. वयावरून, जातीवरून लोक बोलतील. तुझ्या काकांनी सुरुवातही केली आहे. त्याची मला फिकीर नाही. तुला काय वाटेल, एवढीच होती. म्हणून इतके दिवस तोंड उघडत नव्हतो.

तेव्हा अमेरिकेला येईन, पण पाहुणा म्हणून, आणि आम्ही दोघं. त्याआधी डिसेंबरात तुम्ही या. लग्नाची नोंदणी तुम्ही आल्यावरच करू. साक्षीदार म्हणून मला तुझी सही हवी आहे.

सहा जूनला, रविवारी सकाळी, वत्सलाबाई घरी येणार आहेत. तेव्हा फोन कर. मी उचलणार नाही, त्या उचलतील.

तुझे, फार आनंदात असलेले,
बाबा