टोर्बेनसाहेबांची मेणबत्ती

११ सप्टेंबर

आले एकदाचे! युरोपच्या न्यायसुधारणा मिशनने नवा तज्ज्ञ मागवलाय, थेट डेन्मार्कहून. टोर्बेन लिंडहोल्ट. उंच, सज्जन, सायकलवरून ऑफिसला येतो. मोल्दोव्हाची अख्खी न्यायव्यवस्था दीड वर्षात धुऊन वाळत घालायची, हे त्याचं काम. त्याचं इंग्रजी आमच्या लोकांना आणि आमच्या लोकांचं बोलणं त्याला समजावायचं, हे माझं. पगार युरोप देतो. तेव्हा आग्लायाबाई, तोंड सांभाळा.

पहिल्याच दिवशी कोर्टाच्या शिपायाने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. साहेब म्हणाले, भेटवस्तू स्वीकारता येत नाही! शिपाई बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी सांगितलं, साहेबांना पित्ताचा त्रास आहे.

१५ सप्टेंबर

माझी जीभ झडो!

जेवताना टोर्बेनने विचारलं, इथे जो तो एकमेकांचा नातेवाईक कसा काय? मी लागले शहाणपणा शिकवायला. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळासाठी मेणबत्ती धरतात ते धर्मआईबाप. ते बाळाच्या घरच्यांचे 'कुमात्रु' होतात, जन्मभरासाठी. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुमात्रुचं काम अडवता येत नाही. शिवाय एका बाळाला एकच जोडी थोडीच? चार-चार जोड्या! आणि मेणबत्ती धरायला कोणी बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं, पाप लागतं.

टोर्बेनने काटा खाली ठेवला आणि सगळं फोनवर टिपून घेतलं. चीज भरलेली पोळी, आमची प्लाचिंता, तशीच गार झाली.

२२ सप्टेंबर

नियमावलीत नवं कलम आलं. 'आध्यात्मिक नातं'! कुमात्रु म्हणजे नातेवाईकच. न्यायाधीशांनी, तपासणाऱ्यांनी, साक्षीदारांनी, अगदी दुभाष्यांनीसुद्धा जाहीर करायचं. टोर्बेनने भर सभेत माझे आभार मानले. सगळ्यात जोरात टाळ्या कोणी वाजवल्या? जिल्हा न्यायालयाचे अध्यक्ष पिंझारू यांनी. या माणसाला पाद्र्यापेक्षा जास्त धर्मलेकरं आहेत, फक्त सगळी बायकोच्या नावावर!

२६ सप्टेंबर

न्यायाधीशांच्या सचोटीच्या तपासणीत पहिलं नाव कोणाचं? स्तेलियाना गुझुन. नाहीतर कोणाचं असणार!

स्तेलियाना माझी शाळेपासूनची मैत्रीण, पिंझारूच्याच कोर्टात न्यायाधीश. वसंतात दगडखाणवाल्याचा खटला तिच्यापुढे चालू होता. मध्येच पिंझारूचा फोन: जरा सांभाळून घ्या, आपलाच माणूस आहे. बाईने फोन स्पीकरवर टाकला. भरल्या कोर्टाने ऐकलं, मागच्या बाकावरून मीही. तेव्हापासून पिंझारू टपून बसलाय. आता साहेबांनी आयतं कलम हातात दिलं. तक्रार अशी की ही बाई अर्ध्या गावाची धर्मआई आहे.

आहेच की! गावात कायदा शिकलेली ही एकटीच. ज्याच्या घरी पाळणा हलला तो हिच्या दारात. नाही कोणाला म्हणणार?

नापास झाली तर खुर्ची जाणार, आणि दगडखाण पिंझारूच्या पसंतीच्या न्यायाधीशाकडे. हे कलम माझ्या तोंडून निघालंय. आज जेवण गेलं नाही.

२७ सप्टेंबर

स्तेलियानाला फोन केला. म्हटलं, दोन-चार नावं सांग, बाकीची विसर. तू काही पिंझारूपेक्षा पापी नाहीस.

"देवासमोर धरलेली मेणबत्ती डेन्मार्कवाल्यापासून लपवू होय गं?" म्हणाली, आणि मला लोणच्याच्या टोमॅटोंचं प्रमाण विचारत बसली.

हिच्यापुढे डोकं आपटून काय उपयोग.

८ ऑक्टोबर, रविवार

आजचं लिहिलंच पाहिजे.

पिंझारूच्या नातीचा बाप्तिस्मा. टोर्बेनला आमंत्रण. कॉफी चालत नाही, पण 'स्थानिक संस्कृती' चालते — त्याने वरच्या ऑफिसला रीतसर विचारून घेतलं होतं. मी सोबत, दुभाषी म्हणून.

चर्चमध्ये उभे राहिलो तोच पिंझारूची बायको आली आणि टोर्बेनच्या हातात ही एवढी मेणबत्ती, तिला भरतकामाचा टॉवेल बांधलेला. जोडीला बाई हवी. तिने इकडे-तिकडे बघितलं. मी तिथेच खांबासारखी उभी. दुसरी मेणबत्ती माझ्या हातात! पाद्रीबाबांनी टोर्बेनकडे बघून धर्म विचारला; आमच्यात धर्मबाप ऑर्थोडॉक्सच लागतो. पिंझारू त्यांच्या कानाला लागला. डेन्मार्क पुरेसं ऑर्थोडॉक्स आहे, असं पाद्रीबाबांना तेवढ्यात पटलं.

काय विचारताहेत, टोर्बेन कुजबुजला. मी म्हटलं, सैतानाचा त्याग करता का म्हणून विचारताहेत. त्याने अगदी मनापासून सांगितलं, हो, करतो. सैतान म्हणजे मिशनच्याच अखत्यारीतला विषय की!

बाहेर पिंझारूने त्याला मिठी मारली. "कुमात्रु!" टोर्बेनने मला अर्थ विचारला. मी म्हटलं, तुमच्याच नियमावलीत आहे, तुम्हीच लिहिलाय. तो खूप हसला. मला म्हणाला, तुझा विनोद मला फार आवडतो. मग कोकराचं मटण आणि घरची वाईन. संस्कृतीच ती, नाही कशी म्हणणार?

आता मीही पिंझारूची कुमात्रा. थू!

११ ऑक्टोबर

टोर्बेनने चर्चमधला फोटो ऑफिसात लावलाय. टॉवेलसकट. बरोबर नियमावलीच्या वर.

२० ऑक्टोबर

पिंझारू कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला. टोर्बेनच्या खांद्यावर हात टाकून कुमात्रु-कुमात्रु चाललं होतं. अक्रोडांची पिशवी पुढे केली. टोर्बेनने बाणेदारपणे नाकारली. नियम म्हणजे नियम!

स्तेलियानाची सुनावणी दोन तारखेला. वर्ष-दीड वर्षात कधी दिसली नव्हती इतकी ती थकलेली दिसते, आणि वर मलाच विचारते, तू नीट जेवतेस ना?

२ नोव्हेंबर

आज स्तेलियानाची सुनावणी.

तपासणी समितीच्या मधोमध टोर्बेन. एका बाजूला तक्रारदार पिंझारू, कडक इस्त्रीत. स्तेलियानाने धर्मलेकरांची नावं एकेक करून सांगितली, कागद नाही, काही नाही. अगदी वारलेल्याचंही सांगितलं. टोर्बेनचा चेहरा खरंच दुःखी होत चालला होता. माणूस वाईट नाही, तोच तर त्रास आहे.

त्याने विचारलं, तुम्ही नकार का दिला नाहीत?

स्तेलियाना म्हणाली, "नाही म्हणता येतं का, साहेब?"

"सचोटीच्या माणसाला येतं."

हे वाक्य मला तिच्या तोंडावर माझ्या तोंडाने म्हणायचं होतं. म्हटलं. आणि मग थांबलेच नाही. मी सांगितलं, नव्या कलमाखाली मला एक जाहीर करायचंय. तक्रारदार पिंझारू माझे कुमात्रु आहेत, आठ ऑक्टोबरपासून. आणि माझ्या जोडीला मेणबत्ती धरली होती टोर्बेनसाहेबांनी. आधी आमच्या भाषेत, मग इंग्रजीत.

पिंझारूच्या चेहऱ्याचा रंग उडाला. टोर्बेन हळूच म्हणाला, "पण ती तर संस्कृती होती." माझं कामच ते, मी याचंही इमानेइतबारे भाषांतर केलं. दालन खदाखदा हसलं. स्तेलियाना तेवढी हसली नाही.

६ नोव्हेंबर

सुनावणी रद्द. टोर्बेनला परत बोलावलं. माझीही नोकरी गेली, त्याच कलमाखाली. मिशनने फार गोड शब्दांत कळवलंय. युरोपने लाथसुद्धा रुमालात गुंडाळून मारली.

संध्याकाळी टोर्बेन घरी आला. कॉफी दिली, मुकाट्याने प्यायला. मग विचारलं, त्या मुलीसाठी पुढे काय करायचं असतं? मी सांगितलं, वर्षाची झाली की जावळ धर्मआईबापांनी काढायचं. म्हणाला, मग यावं लागेल. मला एकदम रडू आलं, का कोण जाणे.

२१ नोव्हेंबर

नवी समिती आलीय, फिनलंडची माणसं. चर्चच्या दारावरूनही जात नाहीत म्हणे. त्यांनी सांगितलंय, उघडपणे जाहीर केलेली जुनी नाती माफ. पण सुनावणी संपेपर्यंत साक्षीदारांशी नवं नातं जोडलेलं दिसलं तर सरळ नापास. स्तेलियानाची सुनावणी अकरा डिसेंबरला. तिच्या बाजूची साक्षीदार मी — चर्चमधलं आणि फोनचं, दोन्ही सांगायला. वकील म्हणतो, या वेळी ती सुटते.

देवा, एवढं होऊ दे.

३ डिसेंबर

स्तेलियाना आली होती. लेक बाळंत झाली, मुलगा! हातात गोल विणलेला पाव, वाईनची बाटली, रीतीप्रमाणे सगळं. बाप्तिस्मा लगेच येत्या रविवारी, दहा तारखेला, बाळ अशक्त आहे. "आग्लाया, मेणबत्ती तूच धरायचीस." अकरा तारीख तिच्या डोक्यातही नव्हती. अशी आहे म्हणूनच ती त्या खुर्चीत हवी.

मी नाही म्हटलं.

कारणही सांगितलं. 

"म्हणजे नाही म्हणता येतं," ती म्हणाली. पाव टेबलावर ठेवला आणि गेली.