अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडचा रकाना

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, त्याचा राग.

२०१४ साली, मी बारावीला असताना, तलासरीच्या कॉलेजात तुम्ही वर्गात चिंचेचा गोळा घेऊन आला होता. "डायकार्बोक्सिलिक अ‍ॅसिड म्हणजे दोन आम्लगट असलेलं. चिंचेत टार्टारिक असतं, पोटासाठी घेतो त्या फसफसणाऱ्या पावडरीतही तेच. लोहाच्या गोळीत फ्युमरिकचा क्षार. आणि अ‍ॅझेलिक मुरुमांवर, वांगावर." वांग म्हणताना तुमचा हात स्वतःच्या गालाकडे गेला. तिथले तपकिरी डाग आम्ही रोज पाहत होतो. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. त्याच महिन्यात प्रॅक्टिकलला मी शेजारणीचं रीडिंग उतरवलं आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझं पान फाडलंत. "झरीहून इतक्या लांब येतेस ती दुसऱ्याचे आकडे लिहायला?" पुढे मी बीएस्सीला गेले तेव्हा तुमचा पांढरा कोट तुम्ही मलाच दिलात.

तोच कोट घालून मी झाईच्या पुढे, गुजरातच्या हद्दीतल्या एका लहानशा क्रीमच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला लागले. वांगावरची ट्यूब आमचीच होती. पहिले काही महिने मी खरोखर तपासायचे. मग अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड यायचं बंद झालं. सुपरवायझर दुसरीच कसली तरी पावडर स्वतः मोजून टाकायचा. मला म्हणाला, "मागच्या बॅचचे आकडे घाल." अ‍ॅझेलिकच्या रकान्यात मी ते घातले. पावडर कसली, हे विचारलं नाही.

आणि मग डहाणू रोडच्या तुमच्या घरी मी स्वयंपाकघरात बसले आहे, तुम्ही चहा गाळता आहात, ओट्यावर आमची ट्यूब. "तुझ्या कंपनीची आहे म्हणून आणली. यात अ‍ॅझेलिक खरंच आहे ना ग?"

"आहे, बाई."

"तू तपासलंस?"

"मीच तपासलं."

नोकरी जाईल म्हणून खोटं बोलले असते तर निदान तसं सांगता आलं असतं. तुमच्यासमोर पुन्हा नापास व्हायचं नव्हतं, एवढंच. महिन्याभरात तुमचा चेहरा उजळला. तुम्ही खूश होता, आणि त्या पावडरीत काहीतरी भलतंच आहे हे मला त्या दिवशीच कळलं. अ‍ॅझेलिक इतक्या लवकर काम करत नाही, तीन-चार महिने घेतं. हे मला तुम्हीच शिकवलं होतं, बाई. मग तुम्हाला कसं नाही कळलं? की आरशात गाल बरा दिसल्यावर तुम्हालाही कळून घ्यायचं नव्हतं?

उन्हाळ्यात कातडी पातळ झाली, लाल झाली. गॅससमोर उभं राहवेना. तुम्ही पदराने तोंड झाकून वर्गावर जायला लागलात. "डॉक्टर म्हणतात, यात स्टेरॉइड आहे," तुम्ही फोनवर म्हणालात. "त्यांचंच काही चुकत असेल, नाही का?" मी म्हटलं, "ऊन लागलं असेल, बाई." तुम्ही "बरं," म्हणालात. त्यानंतर तुम्ही मला कधी फोन केला नाहीत. २०१९ साली हृदयविकाराने गेलात. क्रीमचा त्याच्याशी संबंध नाही, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की आता ते खरं असूनही खोटं वाटतं.

तुम्ही गेल्यावर घरी भेटायला गेले तेव्हा तुमच्या बहिणीने मला ट्यूब कुठे बनली ते विचारलं; तिच्यावर पत्ता नव्हता, आणि मी तिथेच कामाला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना तक्रार करायची होती. मी म्हटलं, आता आठवत नाही. हे पत्र खरं तर त्यांना द्यायला हवं. देणार नाही.

अजून एक. त्या वर्षी माझ्याही गालांवर मुरुमं आली होती. आमची ट्यूब मला फुकट मिळायची. मी दुकानातून दुसऱ्या कंपनीची आणून लावली.