गल्लीचा रकाना

कलबुर्गी,
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

श्री. डी. आनंद, भागीदार,
हिरवांगण लेआउट, आळंद रोड

महोदय,

सप्रेम नमस्कार. यातलं 'सप्रेम' रीत म्हणून लिहिलं आहे, त्यावर फार विसंबू नये.

मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटं. त्या मिनिटाला तुमच्या कंपनीनं माझा अपमान केला. वेळ अंदाजानं लिहिलेली नाही. टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कानाला हेडफोन लावून. घड्याळ बघून बोलायला लागायचं आणि घड्याळ बघून थांबायचं ही सवय पेन्शनीनंतरही गेलेली नाही.

झालं ते क्रमानं सांगते.

रविवारी, १२ तारखेला, मोबाइलवर तुमची जाहिरात दिसली. कडगंचीच्या विद्यापीठाच्या अलीकडे, रस्त्याला लागून, घर बांधायला तयार प्लॉट. मी सदुसष्ट वर्षांची आहे आणि एकोणीसशे ऐंशीपासून भाड्यानं राहते. माझ्या नावाची पाटी आजवर एकाही दारावर लागलेली नाही. मी जाहिरातीखाली नुसतं 'मंगल' आणि नंबर भरला. चार मिनिटांत फोन आला.

"नमस्ते अक्का, मी विजयश्री बोलायलेय हिरवांगणमधून. दोन मिनिटं टाइम हाय का?"

त्या पहिल्या फोनला मी पैकीच्या पैकी गुण देते. पोरीनं आधी स्वतःचं नाव सांगितलं. मला वेळ आहे का ते विचारलं. मग प्लॉट ठेवायला हवा की राहायला, एवढंच विचारून ती गप्प बसली आणि तिनं ऐकून घेतलं. मी म्हणाले, राहायला, एकटीला, दोन खोल्या पुरेत, पुढे सावली हवी.

"मग चौदा नंबर बघा अक्का. कोपऱ्याचा हाय, अन् कडुलिंबाचं झाड आधीच हाय त्यात. आमी तोडलं न्हाई."

मी त्या रात्री कागदावर दोन खोल्या काढल्या. लिंबाच्या बाजूला दार काढलं. दाराशेजारी पाटी.

मंगळवारी मीच फोन लावला, जागा बघायचा दिवस ठरवायला. ती म्हणाली, त्याआधी एक फॉर्म भरायचाय. पूर्ण नाव विचारलं, सांगितलं. मूळ गाव विचारलं, चिटगुप्पा म्हणाले. "व्हय का, माझी मावशी दिलीय की तिथं. गल्ली कोणती अक्का?"

"भीमनगर."

यानंतर शांतता. तीन सेकंद.

शांततेतलं मला थोडंफार कळतं. लाइन तुटल्याची शांतता वेगळी असते, तिच्यात पोकळी असते. मरणाची बातमी ऐकलेल्या माणसाची वेगळी, तिच्यात श्वास असतो. आणि बोलायच्या भागावर तळहात ठेवून शेजाऱ्याला 'काय सांगू?' म्हणून विचारणाऱ्याची वेगळी. ती मी अडतीस वर्षं ऐकली आणि प्रत्येक वेळी ओळखली.

"अक्का, चौदा नंबर बुक झालाय."

"परवा रिकामा होता."

"काल झाला."

"मग पंधरा?"

"तो बी."

"सोळा?"

"ती सगळी लाइनच बुक हाय अक्का. मी सरांना इचारून फोन करते, हां?"

तो फोन आजतागायत आलेला नाही. आणि तरीही तुमच्या यंत्राकडून रोज सकाळी सात वाजता गुलाबाच्या फुलासकट मेसेज येतो: 'मंगल मॅडम, तुमच्या स्वप्नातलं घर तुमची वाट पाहत आहे.' दिवाळीला तर समईही आली. माणसांनी मला यादीतून काढलं, यंत्राला कुणी सांगायला विसरलं.

माझी मैत्रीण उमादेवी एक्स्चेंजमध्ये पंचवीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. त्याच दुपारी मी तिला फोनवरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि तुमचा नंबर दिला. तिनं तिचं खरं नाव, खरं गाव, खरी गल्ली सांगितली. फोन ठेवून ती म्हणाली,

"चौदा नंबर रिकामा हाय गं मंगल. लिंबासकट. उद्याच बघायला या म्हणायलेत."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू भीमनगरची? मला वाटायचं तुमी क्रिश्चन."

मी तिच्या डोळ्यांत थेंब घातले. मोतीबिंदू काढून आठच दिवस झाले होते, वेळेवर घालायला लागतात.

शनिवारी, १८ तारखेला, मी आळंदच्या बसनं तुमच्या लेआउटवर गेले. गुडघा कुरकुरत होता, त्याला म्हटलं, चल. मांडवाखाली टेबल, टेबलामागे एक काटकुळी पोरगी. तिनं "या अक्का, बसा, पाणी घ्या" म्हटलं आणि मी आवाज ओळखला. मी "मंगल" म्हणाले आणि तिनं माझा ओळखला. बिचारीचा चेहरा उतरला.

"अक्का, माझ्यावर कामून राग धरायलाव? मी नुसती खूण करते. कागद सरांचा हाय."

"कोणता कागद?"

तिनं फायलीतून काढून दाखवला. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या फोनवर काय विचारायचं त्याचा कागद. हातानं इंग्रजीत लिहिलेला, त्याच्या प्रती काढलेल्या. नाव, फोन, कशासाठी, किती मोठा, कधी. मग मूळ गाव. मग गल्ली. गल्लीच्या रकान्यापुढे कंसात सूचना: शंका आल्यास 'बुक' सांगावे, पुन्हा फोन करू नये.

"सर वाईट न्हाईत अक्का," ती म्हणाली. "लेकराच्या फीला मदत केली त्यांनी मला. पण ते म्हणतेत, प्लॉट विकायच्या आधी शेजार विकावा लागतो. जमिनीचे मालक, रेवणसिद्धप्पा, त्यांच्या सोयऱ्यांनी घेतलेत पुढचे धा प्लॉट. त्यांनी इचारलं तर काय सांगायचं?"

मी कागद हातात धरून बसले. मजकूर नंतर वाचला. आधी अक्षर वाचलं. कॅपिटल एल आणि एस यांना वेलीसारखी वळणं, टी-वरची रेघ शब्द संपल्यावर एकदम. या भागात असं अक्षर कुणी काढत नाही. बीदरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्या बोटांवर पट्टी मारून ते वळण घोटून घ्यायच्या. माझे अप्पा, रामराव, कॉन्व्हेंटच्या बागेत माळी होते म्हणून मला त्या बाकावर जागा मिळाली होती. ते वळण मी आयुष्यात एकाच मुलाला शिकवलं.

आता 'महोदय' पुरे.

धम्मा, तुझं अक्षर छान राहिलं आहे. कंपनी तुझी आहे हे मला त्या टेबलापाशी कळलं. मी विजयश्रीला काही सांगितलं नाही. तिचे आनंद सर म्हणजे भीमनगरच्या राजपालचा धम्मानंद, माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा, हे तिला ठाऊक नाही आणि माझ्याकडून कळणारही नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला घाम फुटायला नको. घाबरून दिलेलं उत्तर मला नको आहे.

तू विचारशील, आत्या, सहा वर्षं बोलली नाहीस आणि आता प्लॉटसाठी पत्र? त्या सहा वर्षांबद्दल मला लिहायचं नव्हतं. या पत्रात फोनवर कसं बोलावं एवढंच चार वाक्यांत सुनावायचं आणि खाली सही ठोकायची, असं ठरवून बसले होते. चार दिवस झाले, सही करवत नाही.

सहा वर्षांपूर्वी, हिरवांगण हे नावही नव्हतं तेव्हा, तुझ्या पहिल्या ऑफिसच्या उद्घाटनाला राजपाल चिटगुप्प्याहून बाबासाहेबांचा फोटो काचेत मढवून घेऊन आला होता. तू तो घेतलास, पाया पडलास आणि लोखंडी कपाटात ठेवून दार लावलंस. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बापाला कपाटात घातलंस, आता किल्ली पण फेकून दे." तू मान खाली घातलीस. उलट एक शब्द बोलला नाहीस. बोलला असतास तर मी तिथंच गप्प झाले असते, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही.

कारण ते कपाट तू माझ्या घरात पाहिलं होतंस.

घरमालकीण चन्नम्मांच्या वाड्यातली आपली खोली आठव. कॉलेजची पाच वर्षं तू तिथं होतास. माझ्याकडचा बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. सकाळी दार उघडायचं, हात जोडायचे, दार लावायचं. मी खोली घ्यायला गेले तेव्हा चन्नम्मांनी गाव विचारलं, मी म्हणाले, कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि मी समजू दिलं. खोटं एक अक्षर बोलले नाही, याचा मला अनेक वर्षं अभिमान होता. एक्स्चेंजमध्ये तर सोयच होती. तिथं आम्ही आवाज होतो, बोर्ड नंबर चार, बोर्ड नंबर पाच.

आणि तो दिवस. राजपाल तुझ्यासाठी तुरीची डाळ घेऊन आला. दारात उभा राहून, नेहमीच्या त्याच्या मोकळ्या आवाजात म्हणाला, "जय भीम, अक्का." चन्नम्मा अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी त्याचा हात धरून त्याला आत ओढलं, दार लावलं आणि म्हणाले, "इथं ते म्हणत जाऊ नकोस." तू खाटेवर पुस्तक घेऊन बसला होतास. तू पान उलटलं नाहीस.

पुढच्या वेळी तो "नमस्ते" म्हणाला. त्याच्या पुढच्या वेळी डाळ कुणाच्या तरी हाती पाठवली.

तर, धम्मा, तो रकाना तुझा एकट्याचा नाही. अक्षर मी शिकवलं, मजकूरही मीच शिकवला. उद्घाटनाच्या दिवशी तुला जे बोलले ते मला स्वतःला बोलायचं होतं आणि तू समोर सापडलास. माफी मागते. ही ओळ लिहायला चार दिवस लागले.

पण माफी मागितली म्हणून तक्रार मागे घेत नाही. १४ ऑक्टोबर म्हणजे बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो दिवस, हे तुला सांगायला नको. मी पांढरी साडी नेसून विहारातून नुकतीच आले होते. कुणी गल्ली विचारली तर मी आजवर 'बाजारपेठेच्या मागे' म्हणायची. त्या सकाळी पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं. सदुसष्टाव्या वर्षी. आणि पलीकडून तीन सेकंदांची शांतता आली, तीही तुझ्या हातची.

आता तुझ्या धंद्याचं. तुझी पोरगी चांगली आहे, तुझा कागद वाईट आहे. आमच्या बोर्डावर दिवा लागला की आम्ही विचारायचो, कुठला नंबर हवा. फोन कुठल्या गल्लीतून आला हे जाणून घ्यायची आम्हाला गरज पडली नाही, आणि तेव्हाच्या गुलबर्ग्याचे फोन त्यावाचून अडले नाहीत. लाइन मिळत नसेल तर गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडायचं नाही, थोड्या थोड्या वेळानं परत यायचं, 'प्रयत्न चालू आहे' म्हणायचं. मिळणारच नसेल तर 'मिळणार नाही' म्हणायचं आणि कारण सांगायचं. 'विचारून फोन करते' म्हटलं की तो फोन करायचा, नकार द्यायचा असला तरी करायचा. आमची सुपरवायझर ईरम्मा म्हणायची, फोनवरचं माणूस तुम्हाला दिसत नाही, तेवढंच बरं, बघायला जाऊ नका. तिच्या म्हणण्याचा अर्थ मला आत्ता कळायला लागला आहे.

आणि एक बघ. उद्या तुझ्या जाहिरातीखाली राजपालनं नंबर भरला, तर तीच पोरगी त्याला तेच तीन सेकंद देईल. तुझ्या कागदावर तुझा बाप बसत नाही. तूही बसत नाहीस. रेवणसिद्धप्पांच्या सोयऱ्यांना काय सांगायचं, असं विजयश्रीनं मला विचारलं. ते तिला सांगू नकोस, तू त्यांना सांग. चौदा नंबरला टेलिफोन खात्यातली एक म्हातारी येते आहे, तिची जीभ तिखट आहे आणि लिंबाखाली बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला गाव विचारणार नाही. त्यावर कुणाला प्लॉट सोडायचा असेल तर खुशाल सोडू दे.

मला तुझ्याकडून लेखी उत्तर हवं आहे. मेसेज नको, गुलाब तर नकोच. चौदा नंबर रिकामा आहे की नाही, आणि असेल तर मला कोणत्या दिवशी दाखवणार. गल्लीचा रकाना काढला की नाही. काढला असेल तर नव्या कागदाची प्रत सोबत. विजयश्रीच्या नोकरीला धक्का लागणार नाही, हे एका ओळीत. नकार असेल तर नकार लिही, पण कारण लिही, आणि ते इंग्रजीत नको, आपल्या भाषेत लिही, म्हणजे लिहिताना तुला ऐकू येईल. त्याच हातानं. खाली डी. आनंद नको. पूर्ण सही.

उत्तर सोमवार, १० नोव्हेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. रजिस्टर आता बंद झालं म्हणतात, म्हणून हे स्पीड पोस्टानं पाठवते आहे. पोचल्याची नोंद मला इथं दिसेल. उत्तर नाही आलं, तर अकरा तारखेला सकाळी दहा वाजता मी आणि उमादेवी जिल्हाधिकारी कचेरीत आमच्या दोन फोनच्या वेळा आणि मी तिथंच मोबाइलवर काढलेला त्या कागदाचा फोटो देणार आहोत. नाव कंपनीचं देऊ, तुझं नाही. तुझं नाव सांगणं हे तुझं काम आहे, माझं मी केलं.

उमादेवीला परवा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पंचवीस वर्षं एका डब्यातनं जेवलाव आपण, मग कामून लपवलंस?" तिनं दुसऱ्या दिवशी डबा आणला, नेहमीसारखा.

काल राजपालला फोन केला. त्यानं उचलला आणि 'नमस्ते अक्का' म्हणायला तोंड उघडलं. त्याच्या आधी मी म्हणाले. तीन सेकंद गेले. ही शांतता माझ्या ओळखीची नव्हती.

मग तोही म्हणाला.

जय भीम.

तुझी आत्या,
मंगल रामराव
भीमनगर, चिटगुप्पा