येऊन राहिलो

भिलाई, ८ सप्टेंबर १९९०

प्रिय अरुण,

गुरुवार, ६ सप्टेंबर, सकाळी सव्वाअकरा. तू विसरायच्या आधी ही वेळ लिहून ठेवते. त्या वेळी तू मुंबईच्या ऑफिसातून माझ्या घरी फोन केलास आणि कौशल्याला सांगितलंस, की तिचा नवरा इराकमध्ये स्वतःच्या मर्जीनं थांबला आहे.

ती मरोद्याहून आठ वाजताच येऊन बसली होती. चहासुद्धा घेईना, तोंडात घोट असताना फोन वाजला तर काय, ही धास्ती. एकाच रिसीव्हरला आम्ही दोघींनी कान लावले होते, त्यामुळे तिनं ऐकलं ते सगळं मीही ऐकलं. तू म्हणालास, तुमच्या बगदादच्या साहेबांनी साइटवर फोन करून एकेका कामगाराला विचारलं, घरी जायचंय की काम संपेपर्यंत राहायचंय. साहेब पुण्याचे. तिचा शालिकराम त्यांना म्हणाला, ‘येऊन राहिलो ना साहेब.’ साहेबांनी त्यातलं ‘राहिलो’ तेवढं उचललं.

हे ऐकून कौशल्या हसली. लढाईच्या बातम्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, ‘मंग येऊनच राहिले ना जी ते, भाऊ.’ त्यावर तू गप्प झालास. लाइन खराब होती असं मला सांगू नकोस. प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी सगळी नोकरी झाली. तारेची खरखर कुठली आणि माणसाची चुप्पी कुठली, हे मला झोपेतही कळतं. मग तू सावकाश म्हणालास, ‘नाही वहिनी, तो राहिला.’

अरे, तू काय पुण्यात जन्मलास? तुझी आई, माझी नलू, गेली तेव्हा तिचं एवढंसं पोर म्हणून मी तुला घरी आणलं. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी माझी जीभ इतकी घासूनपुसून लख्ख केली होती, की तू मला ‘मेमसाब मावशी’ म्हणून चिडवायचास. मी फाटकातून हाक मारायची आणि तू मैदानातून ओरडायचास, ‘येऊन राहिलो वो मावशी.’ पोरगा निघाला म्हणून मी ताट वाढायला घ्यायची. भात निवायचा, वरणावर साय धरायची, पण हा पोरगा आता मैदानातच राहायला गेला, असं मला एकदाही वाटलं नाही. नन्सची शिकवण बाजूला ठेवून मला जे समजायचं, ते तुला समजू नये?

काम अर्धवट टाकलं तर कंपनीची बँक गॅरंटी बुडते, हे तू मागे मला समजावलं होतंस. इराकवर साऱ्या जगानं बंदी घातली, त्याला कंपनी काय करणार, असंही म्हणालास. बंदी जगाची असेल, पण कामगारांचे पासपोर्ट ठेवलेल्या तिजोरीची किल्ली तुमच्याकडे आहे. साहेब लोक आपापले पासपोर्ट घेऊन अम्मानला पोचले. त्यांचा स्वयंपाकी देवाजीही त्यांच्याबरोबर सुटला. वाटेत जेवायला तर हवं. तोच परवा अहिवाऱ्याहून येऊन मला भेटून गेला. साइटवर आता एक वेळचा भात मिळतो, म्हणाला, आणि पासपोर्ट मागितला की काम संपवा म्हणतात.

शालिकरामला तूच निवडलंस, माझ्या व्हरांड्यात बसून. त्याचं वेल्डिंग पाहून खूश होतास. कौशल्या रडायला लागली तेव्हा म्हणालास, ‘वहिनी, मी आहे ना.’ तिनं तुमच्या कंपनीचं नावही नीट ऐकलं नव्हतं. ती ‘मी’वर विसंबली.

जवसाची चटणी पाठवतेय. जयाला सांग, नवऱ्याच्या पानात मीठ कमी वाढ. तुझा रक्तदाब नलूवर गेलाय. तुला रात्री झोप लागत नाही असं जयानं लिहिलंय. लागू नये, असंच मला वाटतं, आणि तरी काळजीही वाटते. काय करू.

काल कौशल्या पुन्हा आली होती. तुझी बाजू घेत होती, बरं का. म्हणाली, ‘भाऊले समजलं नसन, बाई. लई वर्षं झाली मुंबईले. आपली बोली भुलले असन.’ मी तिला काही बोलले नाही. ते खरं असावं, अशी माझी फार इच्छा आहे, आणि ते खरं नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. कंपनीच्या कागदावर, तुझ्या सहीनं मला कळव, की ‘येऊन राहिलो’ म्हणजे काय, आणि त्याखाली शालिकरामच्या हातात पासपोर्ट कोणत्या तारखेला पडेल ते लिही. त्याच्याबरोबर आणखी जे जे येऊन राहिलेत त्यांच्याही. मंगळवार, १८ सप्टेंबरच्या टपालानं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन करू नकोस. फोनवर तू गप्प बसतोस.

तुझीच, ताट वाढून बसलेली,
प्रेमलामावशी