पानाची कड

आक्का, मामा तुला आक्का म्हणायचे, म्हणून तुझ्या पोटची असून मीही तुला कधी आई म्हटलं नाही. तू जाऊन बारा वर्षं झाली आणि आज लिहायला बसले, कारण सकाळी निपाणीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. माणूस तापलेलाच होता. "बाई, तुमची ती पावडर फवारून दोन दिस झालं. तंबाखूवरच्या अळ्या जित्त्याच हैत की! आमास्नी खुळं समजलाय काय?" मी म्हटलं, "अळी बघू नका. पान बघा." मग कसं बघायचं ते सांगितलं. तो शेतात जाऊन आला, परत फोन केला, आणि नरमाईनं म्हणाला, "हे बरं ठावं तुमास्नी." मी म्हणाले, आमच्या प्रयोगात दिसलंय. बघ आक्का, अजून तुझं नाव घेत नाही मी.

कॉलेजात असताना ती पावडर मी पहिल्यांदा घरी आणली, तो दिवस आठवतो. पावडर म्हणजे जंतूच, हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसलीस. "पिकावर जंतू टाकायला शिकिवत्यात व्हय गं तिथं?" मी चुलीपुढं बसून मोठ्या तोऱ्यात तुला समजावत होते. अळीनं हे जंतू पानाबरोबर खाल्ले की तिच्या आतड्याला बारीक भोकं पडतात. मग तिच्या पोटात आधीपासून सुखानं नांदणारे दुसरे जंतू त्या भोकांतून रक्तात शिरतात, आणि पुष्कळदा तेच तिला मारतात. तू हसायची थांबलीस. "घरचंच?" एवढंच म्हणालीस आणि भाकरी उलटलीस.

दिवस कलताना आपण दोघींनी फवारलं. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत. शेजारच्या रानातले काका बांधावरून ओरडले, "पोरीनं अळ्यास्नी पावडर लावलीया, लई गोऱ्या दिसाय लागल्यात बघा!" सगळं शिवार हसलं. तिसऱ्या सकाळी मी सरीत बसून रडतेय. तू येतेस, दंडाला धरून उठवतेस, एक पान माझ्या नाकासमोर धरतेस. "ह्या भोकाची कड बघ. नवी खाल्ल्याली कड हिरवी, वली असती. ही वाळून तांबडी झालीया. अळी पानावर बसलीया खरी, पर खायाची थांबलीया. जी खायाची थांबली ती गेलीच. मेल्याचं आपल्याला उगं मागनं कळतंय." दोन दिवसांत अळ्या काळ्या पडून पानांना लोंबायला लागल्या. काका बांधावर येऊन पानं उलटून बघायला लागले. तू मात्र त्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "आमच्या पोरीची इद्या हाय." माझी कसली गं? तुझे डोळे होते ते. मी तेच वहीत उतरवलं, त्याच्यावर शाबासकी घेतली, बेळगावातल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले.

रोज संध्याकाळी फोन करायचे. "जेवलीस काय गं?" "व्हय, जेवलो की. तू?" एवढ्यावर माझं समाधान. तुझ्या शेवटच्या गौरीला दोन दिवस आले. तू शेपूची भाजी, भाकरी वाढलीस आणि "मी मगाशीच खाल्लं, तू जेव" म्हणून चुलीकडं वळलीस. बांगड्या तुझ्या कोपरापर्यंत सरकत होत्या. हात धुवायला मागं परड्यात गेले. म्हशीच्या गव्हाणीत दोन भाकऱ्या पडल्या होत्या, अख्ख्या. कडेला कुठं दाताची खूण नव्हती. एक कालची, वाळून गेलेली.

मी उभी राहून बघितलं आक्का. आत आले तर तू गौरीच्या निऱ्या सारख्या करत होतीस, माझ्यावर डाफरत होतीस, घरभर हिंडत होतीस. इकडं प्रयोगशाळेत माझ्या अळ्या नेमक्या वयाला आल्या होत्या, दुसऱ्या दिवशी त्यांना जंतू चारायचे होते. एक दिवस टळला असता तर सगळी तुकडी वाया गेली असती. मी दुपारची बस धरली.

दिवाळीनंतर तुला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आतड्यात आहे, फार पसरलंय, हे कितीतरी महिने अंगावर काढलंय यांनी. तुझ्या दिवसकार्याला आलेल्या बायकांना मी सांगत होते, "शेवटपर्यंत हिंडतफिरत होती हो, आम्हाला काही कळलंच नाही." बारा वर्षं तेच सांगतेय. आज त्या माणसाला पान बघा म्हटलं आणि फोन ठेवून ढसाढसा रडले.

तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेलं पत्र तू माझ्या हातात द्यायचीस आणि बजावायचीस, "सगळं वाच, काय गाळू नगंस." कारण मामांच्या दुखण्याची ओळ मी एकदा गाळली होती, ते तुला उमगलं होतं. हे पत्रही पोचलं असतं तर तू माझ्याकडंच दिलं असतंस. मी तुझ्या शेजारी बसून सगळं वाचलं असतं. फक्त गव्हाणीतल्या भाकऱ्यांचं तेवढं गाळलं असतं.