कार्डाच्या आधी

कारेगाव, बुधवार सकाळ

ज्याच्या हाती ही चिठ्ठी पडंल त्यांना रुपालीचा नमस्कार. तुमच्या घरची समदी बरी असतील.

मला रात्रभर झोप न्हाई. आमच्या मालकांचा वजीर मरणार हाय.

हसू नका. भांडगावचा माझा भाऊ माऊली आन् आमचे मालक पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळत्यात. एका कार्डावर एक चाल. लग्नात पैज लागलेली. चालीखाली दादा लिहितो, "रुपे, तुझ्या नवऱ्याला नमवतोय बघ. अंकिता काय म्हणती?" मालक उलट लिहित्यात, "दोघी मजेत."

आधी गंमतच होती. दादानं घोडा मारला तवा मालक हसत म्हणाले, "तुझ्या भावानं माझा घोडा खाल्ला. आता तुझं काय घेऊ?" आन् मोबाईल घेतला. मला वाटलं, संध्याकाळी देतील. न्हाई दिला. मग शेजारच्या शितलताईकडं जाणं बंद झालं, तवा उंट गेलेला. हत्ती गेल्यापासनं कंपनीत जाताना बाहेरून कुलूप लावत्यात.

परवा आमच्या पोरीला, अंकिताला मांडीवर घेतलं आन् म्हणाले, "आता वजीर गेला तर ही जाईल."

मी म्हणलं, "कुठं?"

तिच्या केसातनं हात फिरवत बसले. पोर हसत होती हो.

काल त्यांनी वजीर पुढं घालून दादाचं प्यादं मारलं आन् कार्ड पेटीत टाकून आले. लई खुशीत हायत. त्यांना दिसलंच न्हाई. मला दिसलं. दादाचा उंट कोपऱ्यात बसलाय, त्याच्या तिरक्या वाटंवरच वजीर उभा हाय. मेंढरांमागं असताना दादानंच मला खडे मांडून हा डाव शिकवला. मालकांना ते ठाव न्हाई. मी बोलले असते तर म्हणाले असते, भावाला सामील हायेस.

आज-उद्या ते कार्ड दादाच्या हातात पडंल. तो वजीर सोडायचा न्हाई. त्याला वाटंल, रुपी खूश होईल.

चिठ्ठी खिडकीतनं टाकतीय. मालकांना दाखवू नका. दार वाजवू नका, किल्ली त्यांच्याकडंच हाय. दादाचा नंबर मागं लिहिलाय. त्याला सांगा, वजीर मारू नको. चाल लिहून कार्ड टाकलंच असंल, तर म्हणावं, कार्डाच्या आधी तू पोच.

तेवढा फोन लावा.

रुपाली, माऊलीची बहीण